नील बेटावरचं मौनव्रत

"दो ही कमरा है, बाबू. तीसरा का छत गिर गया," कॉटेजच्या मालकीणबाई शेफालीदी म्हणाल्या आणि त्यांनी अंगणापलीकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या कॉटेजवर माडाची एक भलीमोठी झावळी आडवी पडली होती आणि तिच्याबरोबर छपराचा एक कोपरा खाली आला होता. माझ्या नवऱ्याने, सारंगने, माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. अंदमानातल्या नील बेटावर त्या आठवड्यात दुसरीकडे कुठं जागा नव्हती; तशी चौकशी करून झाली होती.

शेफालीदींनी आमच्याकडे एकदा नजर फिरवली आणि वाटणी करून टाकली. "लेडीज लोग इस में. ये दोनों बाबा उस में. और तुम," त्या सारंगला म्हणाल्या, "उधर सोएगा." उधर म्हणजे जेवायच्या मांडवात, एका बाजेवर, मच्छरदाणी लावून.

'ये दोनों बाबा' अंगणाच्या दोन टोकांना उभे होते. एक हातपंपाशी, एक फाटकाशी. हातपंपाशी उभे होते ते माझे वडील, अण्णा जगदाळे, मिरजेचे. रेल्वेत गार्ड म्हणून सारा जन्म गेला. आणि फाटकाशी पाठमोरे उभे होते ते माझे सासरे, नाना सोवनी, नाशिकच्या एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या लग्नाच्या दिवसापासून हे दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. लग्नाला तीन वर्षं झाली होती.

झालं होतं ते असं. लग्नाच्या दिवशी जेवणाआधी अण्णांनी हौसेनं माइक हातात घेतला. "आपन सगळे एवढ्या लांबून आलात, कुनाला काही कमी पडलं, पानी मिळालं न्हाई तर सांगा," असं काहीसं ते म्हणाले. नाना शेजारीच उभे होते. शाळेत आयुष्यभर केलं तेच त्यांनी केलं. हळूच पुटपुटले, "आपण. पाणी." ते माइकनं पकडलं. हॉल हसला. अण्णा त्यांच्याकडे वळून म्हणाले, "सोवनी सर, पोरगी तुमाला दिली. आता माझा 'न' तेवढा माझ्याकडं ऱ्हाऊ द्या." मग हॉल असा हसला की नाना न जेवता गाडीत जाऊन बसले.

माझी आई गेली तेव्हा नाना मिरजेला आले. दारात उभं राहून त्यांनी अण्णांना हात जोडले आणि तसेच परत गेले. तेवढंच.

आई गेल्यावर अण्णा मिरजेत एकटे राहिले. फोनवर नेहमीसारखे मोठमोठ्यानं हसायचे. पण शेजारच्या झुबेदाचाचींनी मला एकदा सांगितलं, "अण्णा रात्रीचं जेवत नाहीत, बेटा. घरात दिवापण लावत नाहीत." तेव्हापासून माझ्या मनात एकच घोळत होतं, त्यांना नाशिकला आणायचं. सारंग तयार होता. पण घर नानांचं, आणि त्या घरात नाना. शेवटी मी अंदमानचा घाट घातला. समुद्रकिनाऱ्यावर माणूस जरा सैल पडतो, गप्पा होतात, आणि शेवटच्या दिवशी आपण विषय काढायचा, असा माझा बेत होता. दोघांना एका खोलीत कोंडायचं मात्र माझ्या स्वप्नातही नव्हतं.

सासूबाईंना, म्हणजे माईंना, सगळ्याची मजाच वाटत होती. "बरं झालं," त्या माझ्या शेजारच्या पलंगावर पिशवी टाकत म्हणाल्या. "आता घोरणं जगदाळ्यांनी ऐकावं."

संध्याकाळी मी त्या खोलीत डोकावले. दोन पलंग, मध्ये एक स्टूल, आणि दोन माणसं दोन भिंतींकडे तोंड करून.

"सुनीती," नाना मला म्हणाले, "तुझ्या वडिलांना विचार, पंखा कितीवर ठेवायचा."

अण्णा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. "सांग त्यांना," ते म्हणाले, "गार्डाच्या डब्यात पंखा नव्हता. मला कसाही चालतो."

"दोनवर ठेवू?" मी विचारलं.

"त्यांना विचार," दोघंही एकदम म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही समुद्रात उतरलो. आमच्या कॉटेजसमोरच किनारा होता. पाणी इतकं नितळ की पायाची बोटं मोजावीत, आणि रंग असा हिरवानिळा की माई म्हणाल्या, या रंगाचं पातळ मी कधी नेसणार नाही, पण बघायला बरं आहे. भरती चढत होती. अण्णा अर्ध्या चड्डीत आणि बनियनमध्ये केव्हाच कंबरभर पाण्यात जाऊन म्हशीसारखे डुंबत होते. नानांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि शर्टाची सगळी बटणं लावली होती.

"काढून ठेवा म्हणते मी," माई त्यांना दबक्या आवाजात सांगत होत्या.

"काही होत नाही."

"पस्तावाल."

मला वाटलं चष्म्याचं चाललंय. नानांनी चष्मा काढून माईंच्या हातात दिला आणि सारंगबरोबर पुढे गेले. पाणी कमरेला लागलं तसे ते खुलले. चंद्र, त्याचं आकर्षण, भरती का येते, ओहोटी का येते, असा सगळा पाठ सारंगला सुरू झाला. किनाऱ्याकडे तोंड, समुद्राकडे पाठ. वर्गात फळ्याकडे पाठ करून उभे राहायचे तसेच ते उभे होते. "आणि म्हणूनच अमावास्येच्या सुमाराला…" म्हणत त्यांनी हात वर केला आणि मागून आलेल्या लाटेनं त्यांना वाक्यासकट आडवं केलं.

वर आले ते तोंडावर हात दाबून. डोळे मोठे झालेले. सारंग लाटेबरोबर दुसरीकडे फेकला गेला होता. जवळ होते ते अण्णा. अण्णांनी त्यांचा दंड धरला. नानांनी आजूबाजूला पाहिलं आणि मग मान वाकवून अण्णांच्या कानात काहीतरी सांगितलं.

मी वाळूत उभी राहून हे पाहिलं आणि हातातला टॉवेल खाली पडला. तीन वर्षांत पहिल्यांदा ते बोलत होते. अण्णांचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यांनी स्वतःच्या पायाशी, पाण्यात, इकडेतिकडे पाहिलं. मग नानांना धरून ते सरळ कॉटेजकडे निघाले. आमच्या बाजूनं जाताना अण्णा म्हणाले, "पानी गेलंय नाकातोंडात. बरं वाटंल. तुमी पवा."

जेवायला नाना आले नाहीत. अण्णा एकटेच मांडवात आले आणि बसले नाहीत.

"व्याह्यांचं पोट बिघडलंय," ते म्हणाले. "माझंबी. दोघांना मऊ भात आनि वरन खोलीत द्या."

"तुमचं पोट?" मी म्हणाले. अण्णांनी तासाभरापूर्वी शेफालीदींच्या चुलीशी उभं राहून तळलेल्या मासळीचे दोन तुकडे खाल्लेले मी पाहिले होते. "तुमचं पोट कधी बिघडलंय?"

"आता बिघडलं. वय झालं."

"मी बघून येते त्यांना," माई उठल्या.

"झोपलेत," अण्णा म्हणाले.

"दुपारचे? चाळीस वर्षांत कधी झोपले नाहीत."

"हवा वेगळी हाय हितली," असं म्हणून अण्णा भाताची पातेली स्वतःच घेऊन गेले. माईंनी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे थोडा वेळ पाहिलं आणि पानावर बसल्या.

संध्याकाळी नाना बाहेर आले तेव्हा त्यांनी मफलर नाकापर्यंत गुंडाळला होता. अंदमानात, मार्च महिन्यात. मी विचारलं, "नाना, बरं वाटतंय ना?" त्यांनी मान डोलावली.

"सर्दी झालीय का?"

नानांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "मौन हाय त्यांचं."

"कसलं मौन?"

"मौनव्रत. समुद्रावर आल्यावर पाळायचं असं कधीपास्नं मनात होतं. होय की न्हाई सर?"

नानांनी डोळे मिटून होकार दिला.

सारंग मला बाजूला घेऊन म्हणाला, "जोरदार भांडण झालेलं दिसतंय. नाना रागावले की बोलणं बंद करतात, पण हे असं मफलर वगैरे कधी नव्हतं."

"पण अण्णा त्यांच्या वतीनं बोलतायत."

"तेच तर. मला काही समजत नाहीये."

मलाही समजत नव्हतं. नाना बोटानं खूण करायचे आणि अण्णा बोलायचे. "चहात साखर कमी म्हनतायत." "वारं सुटलंय, आत जाऊ म्हनतायत." एकदा सारंग म्हणाला, "उद्या काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळं बघायला जाऊ." नानांनी भुवया उंचावल्या. "जावा तुमी म्हनतायत," अण्णांनी सांगितलं. "आमी दोघं हितंच." आमी दोघं हे शब्द अण्णांनी इतके सहज उच्चारले की मी हातातला कप खाली ठेवला. आजारपण लपवत असतील का? नानांना छातीत दुखलं असेल, आणि आम्हाला सांगायचं नाही असं अण्णांकडून वचन घेतलं असेल, असं काय काय माझ्या डोक्यात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सारंगनं खिडकीवर टकटक केली. अंदमानात फार लवकर उजाडतं. "दोघं गेले," तो कुजबुजला. "मी मच्छरदाणीतून पाहिलं. शेफालीदींची बादली घेतलीय, आणि तो पाण्यात बघायचा चष्मा. किनाऱ्याकडे गेले."

ते परत आले तेव्हा दोघांच्या विजारी गुडघ्यापर्यंत ओल्या होत्या. अण्णा म्हणाले, फिरायला गेलो होतो. नाना काही म्हणाले नाहीत. बादली रिकामी होती. नाश्त्याला अण्णांनी लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, मागे सारल्या आणि नानांच्या बरोबरीनं दुधात कुस्करलेलं केळं खाल्लं. ज्या माणसाला सकाळी कांदा-मिरची लागते, तो वाटीतलं केळं चमच्यानं गोडीनं खात होता. शेफालीदी लुच्या परत नेताना माझ्याकडे बघून हसल्या.

त्या दिवशी दुपार कलली आणि ओहोटी लागली तसे ते दोघं पुन्हा निघाले. या वेळी मी मागोमाग गेले.

समुद्र पार लांब गेला होता. जिथं आदल्या दिवशी आम्ही डुंबलो, तिथं आता खडकांचं आणि मेलेल्या प्रवाळांचं मैदान उघडं पडलं होतं, मध्येमध्ये पाण्याची डबकी. किनाऱ्यावर एक डोंगी, लहानशी होडी, पालथी घालून ठेवली होती. मी तिच्याआड थांबले.

अण्णा एका डबक्यात गुडघे टेकून होते. चष्मा लावून त्यांनी डोकं पाण्यात घातलं होतं आणि बाकीचे अण्णा पाण्याबाहेर होते. नाना शेजारच्या खडकावर छत्री टेकून उभे होते. मफलर काढलेला. पाण्याकडे बोट दाखवून ते काहीतरी सांगत होते, आणि अण्णांनी डोकं वर काढल्यावर मला ते ऐकू आलं.

"फमोर बघा, जगदाले. त्या दगलाच्या फमोर."

"समोर," अण्णा म्हणाले.

"तेच म्हनतोय मी."

"म्हणतोय," अण्णांनी जोर देऊन 'ण' उच्चारला. त्यांच्या तोंडून तो मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

नानांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. आणि मग नाना हसले. हसताना त्यांचं तोंड पूर्ण उघडलं आणि मला सगळं दिसलं. वरची सगळी हिरडी रिकामी होती, लहान बाळाची असते तशी. लाटेनं नानांची कवळी नेली होती.

नानांना कवळी आहे हे मला माहीत नव्हतं. सारंगलाही नव्हतं. पोटच्या मुलापासून त्यांनी ते लपवलं होतं; त्यांच्या लेखी मुख्याध्यापकाचे दात पडत नसत.

"हसू नका, मला दुसरीकडं बघावं लागतं," अण्णा म्हणाले, पण तेही हसत होते. मग ते खडकावर नानांच्या शेजारी टेकले आणि चष्म्यातलं पाणी झटकू लागले. "काय सापडत न्हाई बघा आता. माशांनी नेली. एखादा मासा आता शुद्ध बोलत असंल."

नाना पुन्हा हसले. मग नाना काहीतरी म्हणाले ते मला नीट कळलं नाही, पण अण्णांनी दिलेलं उत्तर कळलं.

"रात्री? रात्री स्टेशनावर जाऊन बसतो. चहा-बिस्किट खातो. ओळखीची मानसं हायेत अजून. दोन नंबरच्या फलाटावर एक बाक हाय." त्यांनी चष्मा बाजूला ठेवला. "घरी दोन मानसांची भांडी हायेत ना. एकाचा सैपाक त्यात जमत न्हाई."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी डोंगीआडून निघाले आणि आवाज न करता परत आले.

शेफालीदींच्या स्वयंपाकघरात माई उभ्या होत्या. पदर खोचून वरण घोटत होत्या, इतकं की त्यात डाळीचा दाणा दिसू नये.

"माई," मी म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे?"

"पहिल्याच दिवसापासून," त्या रवी न थांबवता म्हणाल्या. "किती सांगितलं, काढून ठेवा. ऐकतील तर ते सोवनी कसले. त्या दिवशी रात्री त्यांच्या खोलीत गेले होते पंचा घ्यायला. कवळी ठेवायची वाटी कोरडी. म्हटलं, गेली."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर दोघांचं काय काम राहिलं असतं?" त्यांनी बोटावर वरण घेऊन चव पाहिली. "माझ्यापासून लपवायला त्यांना कुणीतरी सोबत मिळालंय. करू दे. तूही काही बोलू नकोस. सारंगला तर मुळीच नको, त्याला हसू आवरत नाही."

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळे मांडवात जेवायला जमलो. सकाळच्या बोटीनं निघायचं होतं. मी दोन दिवस मनात वाक्यं जुळवत होते. अण्णा, तुम्ही नाशिकला या. नाना, तुमची हरकत नसेल तर. पण मला सुरुवातच सापडत नव्हती. शेफालीदींनी पानं वाढली. नानांच्या आणि अण्णांच्या पानात मऊ भात, वरण, तूप.

नाना आले, बसले आणि त्यांनी मफलर काढून घडी करून मांडीवर ठेवला.

सारंग बघतच राहिला. त्यानं तोंड उघडायच्या आत माईंनी त्याच्या पायावर पाय दिला असावा, कारण तो कळवळला आणि गप्प बसला.

नाना बोलायला लागले. ते जे बोलले त्यातली निम्मी अक्षरं धड उमटत नव्हती. 'स' वाऱ्यावर जात होता, 'ड' कुठं सापडत नव्हता. मी ते इथं नीट लिहिते आहे, कारण त्यांना तसंच आवडलं असतं.

"माझे दात गेले आहेत," ते म्हणाले. "खोटे होते, तेही गेले. जगदाळ्यांनी चार वेळा समुद्र शोधला. नाहीत. त्यांचं पोट उत्तम आहे, ते माझ्यासाठी भात खात होते." मग ते अण्णांकडे वळले. "जगदाळे, मिरजेला परत जाऊ नका."

अण्णांचा घास हातातच राहिला. "म्हंजे?"

"नाशिकला या. आमच्याकडे राहा."

"सर, असं कसं," अण्णा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू काय सांगितलंस का त्यांना?"

मी नकारार्थी मान हलवली.

"तिनं काही सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत, काल, खडकावर."

"मी आपलं सहज बोललो. ते काय मनावर घ्यायचं?" अण्णा भाताकडे बघत म्हणाले. "आनि लेकीच्या घरी बापानं जाऊन ऱ्हायाचं, ते मला जमनार न्हाई. चार दिवस पावना म्हनून ठीक."

"लेकीच्या घरी येऊ नका," नाना म्हणाले. "माझ्या घरी या. घर अजून माझ्या नावावर आहे, सारंगला विचारा. मी तुम्हाला बोलावतोय."

शेफालीदींना मराठी येत नव्हतं, पण त्या हातातला डाव तसाच धरून चुलीशी थांबल्या होत्या. समुद्र भरत होता, त्याचा आवाज ऐकू येत होता.

अण्णांनी हातातला घास पानात ठेवला. डाव्या हातानं चेहरा पुसला. मग ते कुणाकडेच न बघता म्हणाले, "तुमच्या घरापास्नं रूळ किती लांब हायेत?"

"लांब आहेत. देवळाली कॅम्पच्या बाजूला."

"म्हंजे रात्री गाड्यांचा आवाज यायचा न्हाई."

"नाही यायचा."

"मला त्याशिवाय झोप लागत न्हाई, सर. सगळा जन्म त्यातच गेला."

नानांनी त्यांच्या पानात तूप वाढलं. "नाही लागली," ते म्हणाले, "तर मला उठवा."

अण्णा त्याच उन्हाळ्यात नाशिकला आले, एक ट्रंक आणि आईचा पितळी डबा घेऊन. मागच्या बाजूची खोली त्यांना दिली, नानांच्या खोलीला लागून. सुरुवातीला काही महिने मी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी स्वयंपाकघरात येत असे, आणि ओट्यावर दोन कप विसळून पालथे घातलेले असत. कुणी कुणाला उठवलं होतं, ते मी कधी विचारलं नाही.